लॅपटॉपची अपुरी स्मृती : निदान आणि उपाय

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या पालकांकडून अलीकडे आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न वारंवार आढळतो. लॅपटॉप घेतला तेव्हा नीट चालत होता. आता चालू व्हायलाच दहा मिनिटे लागतात, मध्येच पडदा गोठतो, आणि संगणकाची मेमरी कमी पडत असल्याची सूचना झळकते. यावर काय करावे? बाजारात मिळणारे उत्तर बहुधा एकच असते : यंत्र जुने झाले, नवे घ्या. ज्या घरात तो लॅपटॉप बचत गटाचे कर्ज काढून किंवा आईचे कानातले मोडून आलेला असतो, त्या घराला हे उत्तर परवडत नाही. शिवाय आमच्या पाहणीत ते पुष्कळदा खरेही नसते. म्हणून संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु शाळेच्या संगणक-खोलीची देखरेख काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि आधी पुरावा तपासावा, मग निष्कर्ष काढावा ही इतिहासाच्या अभ्यासाची शिस्त तेथेही तितकीच कामी येते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. 'मेमरी' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. वसतिगृहात राहिलेल्यांना हा भेद चटकन कळेल. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ पत्र्याची एक पेटी असते आणि अभ्यासाला बसायला एक छोटे मेज असते. पेटीत सगळी पुस्तके, वह्या, कपडे राहतात; मेजावर मात्र आत्ता उघडलेली दोन पुस्तके आणि एक वही, एवढेच मावते. संगणकातील हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे ती पेटी. तिच्यात ठेवलेले वीज गेली तरी टिकते. रॅम म्हणजे ते मेज. चालू असलेले प्रत्येक काम या मेजावर मांडूनच करावे लागते, आणि यंत्र बंद केले की मेज पुसले जाते.

हा भेद न कळल्यामुळे माणसे चुकीच्या जागी उपाय करतात. मेमरीची सूचना आली म्हणून लग्नाची छायाचित्रे, मुलांचे व्हिडिओ पुसून टाकलेले पालक आम्ही पाहिले आहेत. पेटी रिकामी केल्याने मेज मोठे होत नाही. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

मेजावरचे लिहिलेले पुसले का जाते, याचे कारण रॅमच्या रचनेत आहे. आजची रॅम ज्या कल्पनेवर उभी आहे ती आयबीएम या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली, आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढ्यावर माहितीचा एक बिट साठवायचा. भार आहे तर एक, नाही तर शून्य. पण हा भार गळका असतो. म्हणून तो एका सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो, आणि वीज थांबली की सगळेच ओसरते. १९७० साली इंटेलने बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १,०२४ बिट होते. आज आपण तुच्छतेने ज्याला 'फक्त ४ जीबी' म्हणतो त्यात असे ३४ अब्जांहून अधिक बिट असतात.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही, कारण स्मृती अपुरी पडण्याचा इतका नाट्यपूर्ण दाखला दुसरा नाही. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत होते. त्यांच्या यानातील मार्गदर्शक संगणकाची लिहिता-पुसता येणारी स्मृती होती २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे ४ केबी. आपल्या ४ जीबीच्या दहा लाखाव्या भागाइतकी. उतरण सुरू असतानाच पडद्यावर १२०२ हा इशारा उमटला. त्याचा अर्थ असा की, नव्या कामासाठी स्मृतीत जागा शिल्लक नाही. मूळ दोष मात्र स्मृतीत नव्हता. एका रडारच्या जोडणीतून निरर्थक संकेतांचा मारा होत होता. ते मोजण्यात संगणकाचा वेळ जाई, हातातली कामे वेळेवर संपत नसत, आणि कामे संपत नसल्याने त्यांनी अडवलेली जागा मोकळी होत नसे. यान वाचले ते आज्ञावलीच्या रचनेमुळे. जागा संपताच तिने स्वतःला पुन्हा सुरू केले, उतरण्यासाठी अत्यावश्यक असलेली कामे तेवढी उचलली आणि बाकीची सोडून दिली. ती आज्ञावली लिहिणाऱ्या गटाचे नेतृत्व मार्गारेट हॅमिल्टन या महिलेकडे होते, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगावे असे आम्हांला वाटते.

आपल्या लॅपटॉपच्या बाबतीतही हाच क्रम धरायचा आहे. जागा कोणी अडवली आहे ते आधी पाहायचे, अनावश्यक ते बाजूला करायचे, आणि एवढे करूनही भागले नाही तरच पैसे खर्च करायचे.

पाहण्याचे साधन विंडोजमध्येच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'प्रोसेसेस' या पानावर चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीपुढे तिने किती मेमरी घेतली आहे याचा आकडा दिसतो. 'मेमरी' या शीर्षकावर क्लिक केले की सर्वांत जास्त घेणारी वर येते. लॅपटॉप सुरू करून, काहीही न उघडता, दहा मिनिटांनी हा तक्ता पाहावा आणि वरचे पाच आकडे वहीत लिहून ठेवावेत. मग नेहमीची कामे करावीत व दोन तासांनी पुन्हा लिहावेत. एखाद्या आज्ञावलीचा आकडा कारण नसताना तासातासाला चढत असेल तर ती घेतलेली जागा परत करीत नाही असे समजावे. तिची नवी आवृत्ती घ्यावी किंवा ती काढून टाकावी.

आकडा वाचताना घाबरून जाऊ नये. ४ जीबीच्या यंत्रावर काहीही न उघडता निम्म्याहून जास्त मेमरी वापरात दिसणे स्वाभाविक आहे. मोकळ्या जागेत विंडोज नुकत्याच वापरलेल्या फायली जवळ ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. धोक्याची खूण वेगळी आहे : मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि त्याच वेळी डिस्कही शंभर टक्क्यांना टेकलेली. असे दिसले की मेज भरून वाहते आहे आणि यंत्र सामान पेटीत टाकण्यात व पेटीतून काढण्यातच दमून गेले आहे, हे ओळखावे.

गेल्या वर्षी परिचर्येच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीचा लॅपटॉप तिचे वडील आमच्याकडे घेऊन आले. ऑनलाइन सराव परीक्षेत तो दोनदा गोठला होता, आणि मुख्य परीक्षा तीन आठवड्यांवर होती. एका दुकानात मदरबोर्ड गेल्याचे सांगून, जुना लॅपटॉप किरकोळ किमतीत ठेवून घेऊन नवा हप्त्यावर देण्याची तयारी दाखवली गेली होती. वडील शेतमजूर, हप्त्याचा कागद त्यांच्या खिशातच होता, सही तेवढी राहिली होती. आम्ही टास्क मॅनेजर उघडला. काहीही न करता मेमरी ९२ टक्के, डिस्क १०० टक्के. मदरबोर्ड गेलेला असता तर हे आकडे दाखवायलाही यंत्र उरले नसते.

'स्टार्टअप' या पानावर चौदा आज्ञावल्यांची रांग होती. लॅपटॉप सुरू होताच या चौदाही आपोआप जाग्या होत. एक व्हिडिओ-बैठकीची, दोन गाण्यांच्या, एक खेळाची, तीन लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या, आणि खरेदीच्या वेळी चाचणीसाठी फुकट मिळालेले एक अँटीव्हायरस, ज्याची मुदत संपून वर्ष झाले होते, तरी ते 'नूतनीकरण करा' असे बजावण्यासाठी जागेच होते. ते काढून टाकले. विंडोजचे स्वतःचे डिफेंडर हे संरक्षण त्यानंतर आपोआप सुरू होते. ते झाले याची खात्री करून घेतली. टचपॅड व ध्वनी यांच्याशी संबंधित नोंदी तशाच ठेवल्या. बाकीच्या सर्वांवर उजवे क्लिक करून 'डिसेबल' केले. असे केल्याने आज्ञावली नष्ट होत नाही. हवी तेव्हा उघडता येते, फक्त न बोलावता येऊन बसत नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर आकडा ६१ टक्क्यांवर आला. एक पैसाही खर्च झालेला नव्हता. वडिलांनी तो हप्त्याचा कागद काढून घडी घालून आमच्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "सर, मग हा आता लागायचा न्हाई ना?"

पुन्हा सुरू करण्याविषयी एक बारकावा सांगितला पाहिजे. पुष्कळ विद्यार्थी काम झाले की लॅपटॉपचे झाकण नुसते मिटतात. यंत्र तेव्हा झोपलेले असते. मेजावरचा पसारा तसाच राहतो, आणि असे आठवडेच्या आठवडे चालते. काही जण 'शट डाउन' करतात, पण विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे कार्यप्रणालीचा गाभा तेव्हाही पूर्ण पुसला जात नाही. त्याची नोंद डिस्कवर ठेवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. मेज खरोखर स्वच्छ व्हायचे असेल तर 'रिस्टार्ट' हाच पर्याय निवडावा. आठवड्यातून एकदा पुरे.

सर्वांत मोठा खादाड मात्र बहुधा ब्राउझर असतो. आजचे ब्राउझर बहुतेक प्रत्येक टॅबसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवतात. एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचावेत, एका संकेतस्थळाने दुसऱ्याची माहिती चोरू नये, यासाठी ही रचना आहे आणि ती योग्यच आहे. पण तिची किंमत मेमरीत मोजावी लागते. वीस टॅब उघडे ठेवून अभ्यास करणारा विद्यार्थी वीस पुस्तके एका मेजावर उघडी ठेवतो. क्रोममध्ये सेटिंग्जमधील 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी सेव्हर' चालू करता येतो, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्ज' ही सोय आहे. दोन्हींत न वापरलेले टॅब काही वेळाने निजवले जातात. क्रोमचा स्वतःचाही एक टास्क मॅनेजर असतो, तो शिफ्ट व एस्केप दाबले की उघडतो आणि कोणता टॅब किती जागा घेतो ते वेगवेगळे दाखवतो. ब्राउझरला जोडलेली छोटी उपकरणे, म्हणजे एक्स्टेन्शन्स, त्यात दिसतात. कूपन शोधून देणारी, पडद्याचा रंग बदलणारी, कधी बसवली हेही न आठवणारी जी असतील ती काढून टाकावीत. परीक्षेच्या वेळी परीक्षेखेरीज दुसरा एकही टॅब उघडा नसावा.

आता तो अपवाद. मेज भरले की विंडोज काही सामान पेटीच्या एका राखीव कप्प्यात नेऊन ठेवते. या कप्प्याला 'पेजिंग फाइल' म्हणतात, आणि रॅम व ही फाइल मिळून जी मर्यादा होते ती ओलांडली की मेमरी कमी असल्याची सूचना येते. ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या आणि १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकात ती प्रथम आली. लहानशी जलद स्मृती आणि फिरत्या ड्रमवरची मोठी संथ स्मृती यांना जोडून, वापरणाऱ्याला ती सलग एकच भासावी अशी योजना त्यात होती. आपल्या लॅपटॉपमधील सी ड्राइव्ह जर काठोकाठ भरला असेल तर हा कप्पा वाढू शकत नाही, आणि तेव्हा मात्र पेटी रिकामी केल्याचा उपयोग होतो. सी ड्राइव्हचा निदान दहा-पंधरा टक्के भाग मोकळा ठेवावा असे आम्ही सांगतो. मोबाइलवर येणाऱ्या सल्ल्यांवरून काही मुले ही पेजिंग फाइलच बंद करून टाकतात आणि मग रॅम शिल्लक असतानाही सूचना येऊ लागते. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' उघडून, 'परफॉर्मन्स'च्या सेटिंग्जमधील 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'व्हर्च्युअल मेमरी'त जावे आणि आकार आपोआप सांभाळण्याच्या पर्यायावर खूण करावी. विंडोजला ते काम आपल्यापेक्षा चांगले जमते.

'एका क्लिकमध्ये रॅम साफ' असे आश्वासन देणाऱ्या फुकट आज्ञावल्यांविषयी आमचे मत स्पष्ट आहे : त्या घेऊ नयेत. त्या लागणारे सामानही जबरदस्तीने पेटीत ढकलतात, आकडा क्षणभर खाली येतो, आणि पुढच्याच मिनिटाला ते सगळे परत काढावे लागल्याने यंत्र अधिकच मंदावते. शिवाय त्या स्वतःही मेजावर जागा अडवून बसतात.

एवढे करूनही भागत नसेल, तर रॅम वाढवण्याचा विचार करावा. नव्या लॅपटॉपच्या किमतीचा तो एक लहानसा अंश असतो. पण दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः पाहून जाव्यात, कारण येथे अज्ञानाची किंमत रोख द्यावी लागते. सेटिंग्जमधील 'सिस्टिम' व 'अबाउट' येथे कार्यप्रणाली ३२ बिटची आहे की ६४ बिटची ते कळते. ३२ बिटची विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही. तेथे आधी ६४ बिटची कार्यप्रणाली बसवावी लागेल, अन्यथा पैसे वाया गेले. दुसरे, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' व 'मेमरी' येथे एकूण खाचा किती आणि भरलेल्या किती ते दिसते. त्याच ठिकाणी 'सोडिम' असे लिहिलेले असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बहुधा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. पातळ लॅपटॉपमध्ये हा प्रकार फार वाढला आहे, आणि तो ग्राहकाच्या हिताचा नाही असे आम्हांला वाटते. नवा लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनी रंग व जाडी पाहण्याआधी रॅम पुढे वाढवता येईल का, हा प्रश्न विचारावा. तिसरे, प्रकार. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या खाचेची जागाच वेगळी असते. डेस्कटॉपची पट्टी लॅपटॉपच्या पट्टीहून लांब असते, तीही चालत नाही. चौथे, आपले मॉडेल जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारते ते बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र चालतात, पण दोन्ही कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतात.

त्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपमध्ये दोन खाचांपैकी एक रिकामी होती. आमच्या संगणक-खोलीत माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या जुन्या लॅपटॉपांपैकी पडदा फुटलेला एक होता. त्यातील ४ जीबीची डीडीआर ४ पट्टी काढून तिच्या यंत्रात बसवली. हे काम अवघड नाही, काळजीचे आहे. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर काढावी, आत असेल तर तिची जोडणी सोडवावी. अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी कडांनी धरावी, सोनेरी संपर्कांना बोट लावू नये, तिरकी घालून मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज झाला की ती बसली. पहिल्या वेळी पडदा काळाच राहिला तर बहुधा पट्टी नीट बसलेली नसते. पुन्हा काढून बसवावी. त्यानंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी एकदा चालवावी, विशेषतः पट्टी वापरलेली असेल तर. मुलीची परीक्षा त्याच लॅपटॉपवर पार पडली.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जोडउपाय. त्याने रॅम वाढत नाही, पण सामान ने-आण करण्याचा वेळ कमालीचा घटतो. फिरत्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या ठिकाणची माहिती वाचायला सांगितले तर ती सेकंदाला शंभरेक फेऱ्या करते. साधी एसएसडीही तेवढ्या वेळात हजारोंनी करते.

आणि जेथे रॅम वाढतच नाही अशा २ किंवा ४ जीबीच्या यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग आहे. लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती विनामूल्य मिळते, मराठी युनिकोडमध्ये लिहिता येते, आणि लेखन, वाचन, व्याख्याने पाहणे एवढ्यासाठी ती पुरते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे हा मार्ग आता अधिकच विचारात घ्यावा लागेल. मात्र बदल करण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाची परीक्षेची आज्ञावली लिनक्सवर चालते का, हे विचारून घ्यावे. काहींची चालत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. कार्यालयातून किंवा घरातून बाद झालेले लॅपटॉप तुम्ही शाळेला पाठवता. बंद पडलेलेही पाठवा. एकाची रॅम, दुसऱ्याचा पडदा, तिसऱ्याची डिस्क मिळून येथे चौथा उभा राहतो. चार्जर सोबत द्या, आपली खासगी माहिती पुसून द्या, लॅपटॉपला संकेतशब्द असेल तर तो काढून द्या, आणि आत किती रॅम आहे ते एका चिठ्ठीवर लिहून झाकणावर चिकटवा. रविवारी दुपारी संगणक-खोली उघडी असते. ज्या पालकांना आपल्या पाल्याचा लॅपटॉप दाखवायचा असेल त्यांनी तो बंद न करता, झाकण मिटून नव्हे तर उघडाच, चार्जरसह आणावा. म्हणजे आकडे जसेच्या तसे पाहता येतील.